उलट्या पाण्याची नदी

गोवळकोटच्या धक्क्यावर उभं राहिलं, की वाशिष्ठी आत्ता कुठे निघाली आहे हे नकाशाला नाही, पंचांगाला विचारावं लागतं. तिथी कळली की भरती कळते. भरतीला पाणी उलटं फिरून चिपळूणकडे चढतं, सुकतीला निमूट दाभोळची वाट धरतं. हिला नदी म्हणायचं की खाडी, हा वाद इथे रोज मिटतो आणि रोज नव्याने निघतो.

सह्याद्रीच्या कड्यावरून उतरायचं आणि जेमतेम 70 किलोमीटरांत समुद्र गाठायचा, एवढीच तिची चाल. देशावरच्या नद्यांसारखं गावोगाव मुक्काम करत जायला तिला सवड नाही. मुखाशी दाभोळ. बहमनी अमलात तिथे परदेशी घोडे उतरत. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफानासी निकितीन मायदेशी निघाला, तोही तिथूनच जहाजात बसला. 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे बंदर जाळलं. त्याचा मुलगा पडला होता चौलला. सूड उगवला तो दाभोळवर. आज त्याच पाण्यावरून फेरीबोट मोटारी आणि माणसं घेऊन पलीकडे धोपाव्याला जाते.

समुद्र खालून येतोच. विसाव्या शतकात वरूनही परकं पाणी आलं. कोयना महाबळेश्वरची, कराडला कृष्णेत मिसळून बंगालच्या उपसागराकडे जाणारी. धरणाने तिला अडवलं, बोगद्यांतून डोंगराच्या पोटात उतरवलं. पोफळीच्या वीजघरात राबून झालं की ते पाणी पुढे वाशिष्ठीच्या पदरात पडतं. म्हणून वैशाखात आसपासच्या नद्यांचे नुसते गोटे उरतात, तेव्हाही ही वाहती असते. पूर्वेच्या समुद्राचा वाटा ती पश्चिमेला पोचवते.

तिचं स्वतःचं पाणी दिसतं ते पावसात. 22 जुलै 2021. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर, समुद्राला उधाण, घाटमाथ्यावर धो धो पाऊस. वरचं पाणी खाली येतंय आणि खालचं त्याला वाट देत नाही. मधे चिपळूण. बाजारपेठेतले तळमजले बुडाले. ओसरल्यावर घरोघर चिखल उपसणं सुरू झालं, मग नदीतला गाळ काढायला पोकलेन उतरले. किती वर्षं साचत आला होता तो गाळ! काठावर भराव घालताना पाण्याची जागा आपण विचारात घेतली नव्हती. पाण्याला मात्र ती पाठ होती.

आता सुकती आहे. उघड्या पडलेल्या चिखलावर एक मगर ऊन खात पसरली आहे. सकाळी कुणीतरी सोडलेला नारळ दाभोळच्या दिशेने गेला होता म्हणे. घाई नाही. भरती लागली की तो धक्क्याशी परत येईल.