बोटीआधी लोहगाव

मुरगावच्या बंदरातून बोटीची सफर करायची तर खडकवासल्याच्या माणसाने समुद्राला भिऊ नये. सिंहगड रस्त्याला भ्यावे. आम्ही पुण्याच्या नैर्ऋत्येला, विमानतळ ईशान्येला. गोव्याचं विमान तासाभरात पोचतं. तेवढ्यात आमच्या टॅक्सीला लोहगाव दिसेलच असं नाही. धावपट्टी हवाई दलाची, तेव्हा मान त्यांचा आधी. २०२४ पासून नवं टर्मिनल आहे, ऐसपैस. म्हणजे चालणंही ऐसपैस. घरच्या मंडळींचे गुडघे कुरकुरत असतील, तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागावी. विमान दाबोळीचं की मोप्याचं, तेही पाहावं. बंदर दाबोळीला जवळ. आणि निघावं आदल्या दिवशी. दुसरं विमान मिळतं, बोट थांबत नाही. "चाळीस वर्षं धरणालाच समुद्र मानलाय मी," ही म्हणते. यावर उशीर करण्याची कुणाची छाती आहे?