पाव मिलिमीटरची सोय

गाय सकाळी माजावर आली तर ती संध्याकाळी भरायची, संध्याकाळी आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पाटण तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक असलेल्या माझ्या वडिलांची, अण्णांची, सगळी नोकरी या हिशेबावर चालली. वेळ हुकली की पुढचा माज एकवीस दिवसांनी. तेवढे दिवस त्या घरचं दूधही लांबतं. म्हणून 1991 मध्ये अण्णांनी हिरो होंडाची सीडी 100 घेतली, ती हौसेपोटी नव्हे. मोरगिरी, ढेबेवाडी, तारळे या बाजूच्या वाड्यांवर वेळेत पोचायचं तर भरपावसातही किक मारली की चालू होणारी, थोड्या पेट्रोलवर लांब जाणारी गाडी हवी होती. तोवर आमच्याकडच्या बहुतेक गाड्यांना पेट्रोलात ऑइल मिसळून घालावं लागे. 1985 मध्ये आलेल्या या चार स्ट्रोकच्या गाडीने ते बंद केलं.

मागच्या कॅरिअरवर द्रव नायट्रोजनचा कंटेनर असायचा. आत उणे 196 अंशांत कृत्रिम रेतनासाठी रेताच्या बारीक कांड्या. कंटेनर कलंडून चालत नाही, म्हणून अण्णांनी वेल्डरकडून कॅरिअरवर सळईचं एक कडं आणि त्याला दोन हूक बसवून घेतले होते. त्या गाडीत झालेला पहिला बदल तो. दिसायला ओबडधोबड; पण त्या कड्यात बसून आलेल्या कांड्यांमुळे कितीतरी गोठ्यांत जर्सी आणि होल्स्टीनच्या संकरित कालवडी जन्मल्या. धवलक्रांतीची चर्चा होते तेव्हा डेअऱ्यांचं, संघांचं नाव येतं. डोंगरातल्या गोठ्यापर्यंत ती क्रांती मोटरसायकलच्या कॅरिअरवरून गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी गाडी शिकले ती हीच. कॉलेजात असताना मुलींनी लुना किंवा फार तर स्कूटी चालवायची असा गावाचा समज होता. अण्णांनी चावी दिली आणि ‘गिअर सगळे पुढे पडतात’ एवढंच सांगितलं. पुढे माझं लग्न झालं, बँकेची नोकरी लागली, अण्णा निवृत्त झाले, त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. गाडी पडवीत गेली. पोती, कडब्याच्या पेंढ्या, कोंबड्यांची खुराडी असं काय काय तिच्यावर साठत गेलं. भंगारवाला दोनदा विचारून गेला तेव्हा मी गाडी टेम्पोत घालून कराडला आणली. इंजिनाला मी तोवर कधी हात लावला नव्हता, पण दुसऱ्याकडून करून घ्यायची नाही, स्वतः शिकायचं, हे मात्र पक्कं होतं. ओळखीच्या मिस्त्रींनी शनिवार-रविवारी गॅरेजचा एक कोपरा दिला आणि पहिला धडाही: ‘ताई, आधी फोटो काढा, मगच नट खोला.’

नवख्या माणसाला वाटतं, इंजिन म्हणजे कोडं. या गाडीचं इंजिन मला तसं वाटलं नाही. सिलिंडर जवळजवळ आडवा, बोर 50 मिलिमीटर, स्ट्रोक 49.5, क्षमता 97.2 सीसी. हे घराणं 1958 च्या होंडा सुपर कबपर्यंत मागे जातं. जपानात नूडल्सचं ताट एका हातावर तोलत घरपोच देणाऱ्या पोरांनाही चालवता यावी, असा त्या गाडीच्या आखणीत विचार होता. म्हणजे मुळापासून हे पोटापाण्याच्या कामाचं इंजिन. आणि कामाची वस्तू कधी ना कधी उघडावी लागणार, हे बनवणाऱ्यांनी धरलेलंच होतं. मॅग्नेटवर ‘टी’ कोरलेला, तो केसवरच्या खुणेसमोर आणायचा. वर हेडमध्ये कॅमच्या दात्याच्या चाकावर बारीक गोल खूण, ती खाचेसमोर आणायची. मग टायमिंग चेन चढवायची. कुणाला विचारायला नको. खुणा जागेवर आल्या की व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडणार.

स्क्रूचंही तसंच. होंडाच्या जुन्या गाड्यांचे फुलीच्या खाचेचे स्क्रू जपानी मापाचे असतात. त्यांच्या डोक्यावर बहुधा एक बारीक ठिपका असतो. आपला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर त्या खाचेत पूर्ण बसत नाही, जोर लावला की निसटतो आणि खाच गोल करून टाकतो. बाजारातल्या कितीतरी जुन्या इंजिनांच्या कव्हरवर छिन्नीचे घाव दिसतात ते यामुळेच. मिस्त्रींकडे हातोडी मारली की थोडा फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर होता. त्याला जपानी मापाचं टोक लावलं आणि बरीच वर्षं न हललेले स्क्रू एकेक करून सुटले.

मग सिलिंडर काढला. पिस्टनच्या डोक्यावर काजळीचा जाड थर होता. तो रॉकेलमध्ये भिजवला, लाकडाच्या चपट्या काडीने हळूहळू खरवडला (लोखंडाने खरवडलं तर ॲल्युमिनियमवर चरे पडतात) आणि खालून अक्षरं वर आली: 0.25. मिस्त्री म्हणाले, ‘एकदा बोर झालेली आहे.’ अण्णांना फोन केला. ते म्हणाले, हो, निवृत्तीच्या आधी करून घेतली होती, घाटात दम टाकायला लागली होती म्हणून.

या आकड्यावर मी थांबले, अजूनही थांबते. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घासतात, भिंत झिजते, धूर येतो, ताकद जाते. ते टळत नाही. पण मूळ मापाच्या वर 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिलिमीटर असे चार वाढीव पिस्टन मिळतात, आणि भिंतीत तेवढं लोखंड आधीच ठेवलेलं असतं. झिजलं की लेथवाल्याने पाव मिलिमीटर बोर वाढवायची, होनिंग करायचं, पुढच्या मापाचा पिस्टन बसवायचा. जो माणूस ही गाडी वापरील, तो एकदा नव्हे चारदा दुरुस्त करील आणि त्याला ते परवडलं पाहिजे, हे कुणीतरी कागदावर आखताना मनात धरलं होतं. गिऱ्हाइकाबद्दल याहून मोठा आदर कोणता कारखाना दाखवू शकतो, मला माहीत नाही. हल्ली हातात येणाऱ्या बऱ्याच वस्तू चिकटवून बंद केलेल्या असतात, त्यांची मला आता चीड येते.

आमची 0.50 वर गेली. क्षमता 99 सीसीच्या आसपास झाली असेल. रिंगा, टायमिंग चेन, क्लच प्लेट, पॅकिंगचा संच, चेनसेट, ब्रेकचे लायनर, वायरिंग नवं. कार्बोरेटर उघडून जेट साफ केले, टाकीतला गंज काढला.

बदलांबद्दल मात्र प्रत्येकाकडे सल्ला होता. मागची चासी कापा, मडगार्ड छाटा, सारीगार्ड फेका, कॅफे रेसर करा. तशा काही गाड्या देखण्या असतात, नाही म्हणत नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कायदा बाजूला ठेवला तरी सारीगार्ड मी काढलं नसतं. आई कायम एका बाजूला पाय सोडून त्या गाडीवर बसली आहे.

मी केले ते बदल माझ्या अंगाच्या मापाचे. माझे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते, म्हणून सीटचा फोम कमी करून ती पुढे निमुळती केली. हँडल किंचित मागे घेतलं. रंग मूळचाच लाल. कॅरिअरवरचं कडं घासून, काळा रंग देऊन जागच्या जागी ठेवलं. बँकेची बॅग त्यात छान अडकते. अण्णांनी गाईसाठी बदल केला, मी माझ्या उंचीसाठी. गाडीत बदल करायला मला एवढंच कारण पुरेसं वाटतं. रस्त्यावरच्या लोकांनी वळून पाहावं, हे कारण मला पुरत नाही.

तुमच्याही पडवीत किंवा गोठ्यात अशी एखादी उभी असेल तर भंगारवाल्याला हो म्हणण्याआधी एवढं करा. लगेच किक मारू नका. प्लग काढून भोकात थोडं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, मग हाताने किक हळू दाबून इंजिन फिरतं का पाहा. फिरलं तर काम होण्यासारखं आहे. नोंदणीचं पुस्तक शोधा. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं मिळतं. आणि मिस्त्रींकडे जाल तेव्हा गाडी सोडून येऊ नका, शेजारी बसा आणि पाना मागून घ्या.