इंचभर ढील

नोकरीसाठी मी हैदराबादला आले, तेव्हा बाबांनी त्यांची जुनी शंभर सीसीची बाइक सोलापूरहून रेल्वेने पाठवून दिली. बाइकपाठोपाठ त्यांचे फोनही सुरू झाले. सकाळी आठला ‘निघालीस का?’, दहाला ‘पोहोचलीस का?’ आणि रात्री नऊला ‘घरी आलीस का?’ पंचविशीतल्या मुलीला रोज असे तीन फोन आले की चिडचिड होणारच. माझीही व्हायची.

गेल्या महिन्यात स्पीडब्रेकरवरून जाताना चेनकव्हरमधून खडखड ऐकू येऊ लागली. चेन सैल झाली होती. रविवारी मी पाने काढले आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

‘‘इंजिन बंद कर, चावी काढ, गाडी डबल स्टँडवर घे. चाक हातानेच फिरव आणि चेन-स्प्रॉकेटच्या मध्ये बोट जाऊ देऊ नकोस.’’

ॲक्सलचा नट सैल केला. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर थोडे थोडे आवळले. दोन्हीकडच्या खुणा सारख्या हव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं. चेन हलायची पूर्ण थांबेपर्यंत मी आवळत गेले आणि ऐटीत फोन तिच्याजवळ नेला.

‘‘ढील किती ठेवलीस?’’

‘‘अजिबात नाही. एकदम टाइट!’’

‘‘मग परत सोड.’’

मी वैतागले. बाबा शांतपणे म्हणाले, ‘‘अगं, आत्ता गाडीवर कोणी नाही. तू बसलीस, खड्डा आला की शॉकअप दबतात, चाक वर जातं आणि चेन आणखी ताणली जाते. ती आधीच ताणलेली असेल तर बेअरिंग जातात, चेनही लवकर झिजते. फार सैल ठेवली तर धावत्या गाडीत उतरते. म्हणून ढील द्यायची, पण मोजून.’’

चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. म्हणून चाक फिरवत ती जिथे सर्वांत ताणलेली लागते तिथे मोजायचं. कव्हरच्या खिडकीतून बोटाने चेन वरखाली हलवली. आमच्या गाडीला साधारण 25 मिलिमीटर, म्हणजे इंचभर ढील लागते. प्रत्येक गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत असतो. ॲक्सलचा नट घट्ट आवळला आणि चाक सरकलं म्हणून मागचा ब्रेकही तपासला.

हात पुसता पुसता मी म्हटलं, ‘‘बाबा, चेनला ढील देता, मग मला?’’

ते हसले नाहीत. ‘‘नट नीट आवळलास ना?’’ एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

सोमवारी सकाळी आठला फोन आला नाही. दहालाही नाही. गाडी मात्र अगदी शांत चालत होती. रात्री घरी आले. नऊ वाजून गेले, तरी मोबाइल गप्प. सव्वानऊला मीच फोन लावला.

पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत बाबांनी तो उचलला.