पुसलेली नोंद कुठे जाते?

मोबाइल ॲपमध्ये नोंद डिलीट केली की ती यादीतून जाते आणि वापरणाऱ्याला वाटतं, विषय संपला. पण यादीतून जाणं वेगळं, साठ्यातून जाणं वेगळं, आणि हा फरक मिटवणं ॲप बांधणाऱ्याचंच काम आहे असं मला ठामपणे वाटतं. ॲपची माहिती साठवणारा गूगलचा डेटाबेस, फायरस्टोअर, घ्या. समजा, दवाखान्याच्या ॲपमध्ये रुग्णाचं डॉक्युमेंट, म्हणजे त्याची नोंद, डिलीट केलं, तरी त्याखालच्या सबकलेक्शनमधले, म्हणजे त्या नोंदीला जोडलेल्या गटातले, तपासणीचे रिपोर्ट आपोआप जात नाहीत. फायरस्टोअरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे ॲप बांधणाऱ्याच्या नियंत्रण-पानावर, त्या डॉक्युमेंटचा आयडी तिरक्या अक्षरांत दिसत राहतो. वरचं गेलेलं, खालचं सगळं जागच्या जागी. अख्खं कलेक्शन, म्हणजे डॉक्युमेंटांचा गट, फोनवरून पुसू नये, हेही गूगलच्या तांत्रिक दस्तऐवजांतच लिहिलेलं आहे. फोटो वेगळ्या स्टोरेजमध्ये असतील, तर तेही निराळे काढावे लागतात.

कुणी म्हणेल, चुकून बोट लागलं तर? नोंदीवर 'पुसली' अशी खूण करून ती नुसती लपवणंच बरं. मुद्दा खरा आहे. हिशेबाच्या नोंदी तर कायद्यानेच काही वर्षं ठेवाव्या लागतात. पण मग मुदत ठरवा आणि ती वापरणाऱ्याला आधीच सांगा. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात स्वतःची माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. कायमची लपवाछपवी त्यात बसत नाही. मुदत संपली की सर्व्हरवरून पुसायचं, तेही खालून वर. आधी वरचं डॉक्युमेंट गेलं आणि काम मध्येच अडलं, तर उरलेले रिपोर्ट ॲपच्या यादीत कुठेच दिसत नाहीत आणि वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात.