हुन्नर कोणाचे?

नाशिकच्या सराफ बाजारात पंधरा वर्षे एकाच पेढीवर काम केलेला माणूस शेजारच्या गल्लीत स्वतःची पाटी लावतो, तेव्हा शेठजींच्या मनाला ते लागते. यापुढे प्रत्येकाकडून ‘नोकरी सोडल्यावर हा धंदा करणार नाही’ असे स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यावे, असे त्यांना वाटू लागते.

त्या कागदाला न्यायालयात किंमत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ असे बंधन निरर्थक ठरवते. धंदा नावलौकिकासह विकला असेल, तरच विकणाऱ्यावर वाजवी मर्यादा घालता येते. कराराची पाच वर्षे पुरी होण्याआधी प्रतिस्पर्ध्याकडे गेलेल्या कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्यातील कर्मचाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये त्या मुदतीपुरते रोखले. २००६ मध्ये श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याच्या खटल्यात मात्र मुदत संपल्यानंतरचे बंधन अमान्य केले.

श्रावकाला यातले तत्त्व परके नाही. तत्त्वार्थसूत्राने अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत बंध आणि अन्नपाननिरोध सांगितले आहेत. माणसाची उपजीविका अडवणे त्यापासून फार दूर नाही. अचौर्यव्रत जाणाऱ्यालाही लागू आहे. गिऱ्हाइकांची वही आणि उधारीची यादी पेढीची. ती नेणे हे अदत्तादान. सोन्याची पारख आणि हातातले कसब मात्र त्याने कष्टाने मिळवलेले.

अशी माणसे टिकवायची असतील, तर वहीपूजनाच्या वेळी त्यांच्या पगाराचा आणि नफ्यातील वाट्याचा विचार व्हावा.