वन्स मोअर

"ऐन दिवाळीत कुणी घर सोडतं का?" एवढंच म्हणून आईने फराळाचा डबा माझ्या पिशवीत कोंबला. चकल्यांवर तुळशीचं पान ठेवलं होतं, ग्रहण लागू नये म्हणून.

१९९५ सालचं लक्ष्मीपूजन आम्हा चौघांचं जयपूरच्या बसस्टँडवर झालं. गावभर रोषणाई, आमचं लक्ष घड्याळाकडे. दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला सकाळी, चंद्राची सावली राजस्थानातून थेट बंगालपर्यंत धावणार होती. पण इथे तिचा पट्टा जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर रुंद. जयपूर त्याच्या बाहेर. सूर्याची एवढीशी कोर उरली तरी खग्रास हुकतं. मांडवापर्यंत जाऊन अक्षता न टाकता परतावं, तसं. म्हणून मध्यरात्री नीम का थान्याची बस धरली.

गावाबाहेर, बाजरी कापून नेलेल्या शेतात दुर्बिणी आणि तिवयांची जत्राच भरली होती. गावातली बरीच दारं मात्र घट्ट लावलेली. साडेसातच्या आसपास सूर्याची कड कुरतडली गेली. मग तासभर काळ्या चष्म्यातून वर बघायचं, मान दुखली की कडुनिंबाखालचे कवडसे बघायचे. एरवीचे गोल कवडसे, आज सगळे चंद्रकोरीसारखे! ऊन हळूहळू राखाडी झालं, गारठा परत आला. आम्ही अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर सावल्यांच्या पुसट लाटा सरपटू लागल्या, आणि इतका वेळ चाललेली बडबड आपोआप थांबली.

मग शेवटचा ठिपका लखकन चमकला, हिऱ्याच्या अंगठीसारखा, आणि विझला.

चष्मे उतरले. सूर्याच्या जागी काळी तबकडी, तिच्या दोन्ही अंगांना लांबवर पसरलेले मोतिया झोत. करोना हा शब्द तेव्हा फक्त सूर्याचा होता. जवळच शुक्र. क्षितिजावर चहूकडून संध्याकाळ. मी फोटो काढायचे ठरवले होते. कॅमेरा गळ्यात तसाच राहिला. शेजारचा अनोळखी माणूस माझं मनगट घट्ट धरून उभा होता आणि ते मला नंतर कळलं. कुणी रडत होतं, कुणी हात जोडले होते. सगळा खेळ ५१ सेकंदांचा.

पुन्हा हिरा चमकला. क्षणभर सुन्न शांतता, मग शेतभर टाळ्या. इतक्यात मागून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

आम्ही चौघेही गर्रकन वळलो. नाट्यगृहाबाहेर ही आरोळी ठोकणारा माणूस दुसऱ्या कुठल्या मुलखातला असणार? सांगलीचं कुटुंब होतं, काका, वहिनी आणि शाल पांघरलेल्या आजी. आजींनी आधी आंघोळीची चौकशी केली, मग हताश होऊन हातपाय धुण्यावर भागवलं.

ग्रहण पुरतं सुटल्यावर डबे उघडले. आमच्या चकलीवरचं तुळशीचं पान वाळून कोळ झालं होतं. ते बघून वहिनी हसायला लागल्या आणि त्यांनी आपल्या चिवड्यातलं पान काढून दाखवलं.