सुटलो म्हणायचं कसं?

नको झालेली वस्तू पाण्यात सोडली की आपल्याला मोकळं वाटतं. निर्माल्य, भंगलेली तसबीर, सारं नदीच्या पोटात!

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. त्यांच्या डब्यात गोळ्यांच्या कितीतरी पट्ट्या उरल्या. धाकटी नणंद म्हणाली, "वहिनी, कचऱ्यात नका टाकू, एखादं पोर तोंडात घालील. संडासात टाकून बादलीभर पाणी ओता, की सुटलो!" पोराची काळजी रास्तच होती. पण सुटलो कसले? सातवीच्या मुलांना सांडपाण्याचा धडा मी शिकवते ना!

शुद्धीकरण केंद्रात जाळीवर कचरा अडतो, टाकीत गाळ बसतो, मग हवा खेळवून जिवाणूंकडून उरलेली घाण संपवतात. पण पाण्यात विरघळलेली बरीच औषधं गाळात बसत नाहीत आणि जिवाणूंनाही पचत नाहीत. सांधेदुखीवरचं डायक्लोफेनॅक, फिट्सवरचं कार्बामाझेपिन ही त्यांतलीच. घेतलेल्या गोळीचाही काही अंश लघवीवाटे तिथंच पोचतो.

ती काढता येतात. ओझोन वायूनं त्यांचे रेणू फोडायचे, नाहीतर सक्रिय कोळशावर ती चिकटवून घ्यायची. आपल्या घरच्या फिल्टरमध्ये असतो तसलाच कोळसा. स्वित्झर्लंडनं २०१६ पासून निवडक केंद्रांना ही जादा पायरी सक्तीची केली. ठरावीक औषधं ८० टक्के तरी निघालीच पाहिजेत. वीज, कोळसा, सगळ्याला पैसा लागतो. युरोपीय संघाच्या २०२४च्या कायद्यानं त्यातला निदान ८० टक्के खर्च औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांवर टाकला. ज्यानं कमावलं त्यानं भरावं, हे मला पटलं.

आपल्याकडे कारखान्यांचं पाणी तर आणखी जहाल. हैदराबादजवळ पाटनचेरूला सुमारे ९० औषध कारखान्यांचं पाणी शुद्ध करणारं केंद्र होतं. तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन सापडल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं. रोग्याच्या रक्तात असतं त्याहूनही जास्त! अशा पाण्यात जंतू औषधाला सरावतात. मग आपलं लेकरू तापानं फणफणलं की तेच औषध लागू पडत नाही.

सासूबाईंच्या पट्ट्या मी वेगळ्या बांधल्या, वर 'जुनी औषधं' असं लिहिलं आणि घातक कचरा म्हणून गाडीवाल्याच्या हाती दिल्या. नियमही तसाच होता.

बायांनो, डॉक्टरांनी दिलेला कोर्स पुरा करा. पण सहाच गोळ्या लिहिल्या असतील तर दुकानात सहाच मागा. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू दे!